ताई, हे सगळे मला एकांत देऊन चाललेत

ताई,

आज सकाळी मेघनाने फोनवर सगळ्यांना सांगून टाकलं, "आता मामाला जरा एकटं राहू द्या. त्याला माणसांचा त्रास होतो. इतके दिवस त्याने कसं सहन केलं, देव जाणे." मी पलीकडच्या खोलीत पाहुण्यांच्या चादरींच्या घड्या घालत होतो. भिंत पातळ, आणि आपल्या भाचीचा आवाज तुझ्या वळणावर गेलेला. सगळं नीट ऐकू आलं. मी घड्या घालत राहिलो.

काल तुझं तेरावं झालं. रीतीप्रमाणे आता आम्ही मोकळे. मुंबईचे पाहुणे कालच जेवून निघाले, गावातले सकाळी. संध्याकाळी हातखंब्याहून मेघनाची पुण्याची गाडी. जायच्या आधी तिने माझी सगळी व्यवस्था लावली आहे. औषधं डब्यात भरली, गॅसवाल्याला सांगितलं, आणि शेजारच्या सुलभावहिनींना बजावलं की जेवणाचा डबा फाटकाला अडकवून जा, बेल मारू नका. वहिनी म्हणाल्या, "नाही गो मारणार. आपले बापू काय मला नवीन आहेत? चार माणसं दिसली की मागच्या दाराने सटकणारा माणूस तो." दोघी माझ्याकडे बघून मायेने हसल्या. मीही हसलो, कारण हसायला बोलावं लागत नाही.

मला काही वाटत नाहीये. हे आधीच सांगून टाकतो, कारण तू पहिला प्रश्न तोच विचारशील. दाढ काढल्यावर गाल बधिर असतो ना, जीभ सारखी तिथे जाऊन येते, खड्डा लागतो, पण दुखत नाही, तसं चाललंय. भडाग्नी दिला तेव्हाही काही वाटलं नाही. भटजी सांगतील तसे हात हलत होते. कोणी म्हणालं, "बापू खंबीर आहेत हो." कोणी म्हणालं, "तसं नव्हे, आतल्या आत कुढतायत." आत काय चाललंय ते बघायला मी स्वतःच एकदोनदा डोकावून आलो. आत कोणी नव्हतं.

पण एक गोष्ट आहे, आणि ती तुझ्याखेरीज कोणाला सांगण्याजोगी नाही. या दिवसांत मला बरं वाटत होतं. झोप लागत होती. माजघरात ओळीने गाद्या घातलेल्या, कोणीतरी घोरतंय, कोणाला तरी उकडतंय म्हणून पंख्यावरून कुजबुज. सकाळी मोरीपाशी ब्रश हातात घेऊन उभी असलेली माणसं, कोणाचा टॉवेल कोणी घेतला यावर वाद, शेजारून आलेला पिठलं-भात कोणाच्या पातेल्यात आला याचा शोध. मी या सगळ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होतो, तोंडातून शब्द न काढता, आणि मला धड वाटत होतं. बहीण गेलेल्या माणसाला धड वाटावं, याची लाजही वाटत होती. तू असतीस तर माझ्या पाठीत एक चापट मारून म्हणाली असतीस, "बघ शिंच्या, मी काय म्हणत होते?"

तू म्हणत होतीस की मी बहिर्मुख आहे. हे वाक्य घराबाहेर काढायची सोय नव्हती, ऐकणारा हसायचाच. अख्ख्या आळीत घुम्या म्हणून मी प्रसिद्ध नि बोलकी म्हणून तू. तुझा आवाज शाळेच्या वर्गातून निघून मैदान ओलांडून रस्त्यावर यायचा, आणि माझा आवाज कसा आहे याची पुष्कळांना नुसती कल्पनाच. लांज्याला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो, आठवतं? पोहे झाले, चहा झाला, तू आणि आई बोलत होतात, मी छताच्या वाशांकडे बघत होतो. निघताना मुलीच्या वडिलांनी तुला बाजूला घेतलं नि हळूच विचारलं, "मुलाला बोलता येतं ना?" तू म्हणालीस, "येतं, पण मुहूर्त लागतो." स्थळ तिथेच मोडलं. पुढे मी लग्नाचा नाद सोडला. तू तर माझ्याही आधी सोडला होतास. आईबाबा गेले, थोरली बहीण, मेघनाची आई, सासरी, आणि हे भावाबहिणीचं घर होऊन बसलं.

शाळेने तुला समुपदेशनाच्या प्रशिक्षणाला धाडलं, तिथून तू ती व्यक्तिमत्त्वाची चाचणी घेऊन आलीस. माणसांचे सोळा प्रकार, चार जोड्यांतून केलेले. बाकीच्या तीन जोड्या आपण कधी नीट उघडल्याच नाहीत. पहिल्या जोडीवर, अंतर्मुख की बहिर्मुख, यावर आपलं भांडण अडलं ते अडलंच. कारण पहिलं गिऱ्हाईक मी होतो. तू चष्मा कपाळावर चढवून प्रश्न वाचत होतीस नि मी आमसुलं निवडत होतो.

"समारंभात अनोळखी माणसांशी आपणहून बोलता का?"

"मला समारंभाला कोण बोलावतंय?"

"फोन वाजला तर पटकन उचलता का?"

"मी टेलिफोन खात्यात आहे. उचलावाच लागतो."

"बापू, नीट उत्तर दे. पुष्कळ माणसांत राहिल्यावर थकल्यासारखं वाटतं का?"

मी म्हटलं, हो. माझ्यासारख्या माणसाने तिथे हो म्हणायचं असतं असं मला वाटलं. बेरीज केल्यावर मी चांगला पक्का अंतर्मुख निघालो. तू कागद बाजूला सारलास नि म्हणालीस, "खोटं आहे हे. तू खोटं बोललास असं नव्हे. लहानपणापासून लोक तुला जे म्हणत आले तेच तू मला वाचून दाखवलंस."

मग तू मला ते सगळं समजावलंस, अगदी फळ्यापुढे उभी असल्यासारखं. "बोलका नि अबोल असा हा भेदच नव्हे. लोक तिथेच फसतात. प्रश्न असा, की तू दमलास की कुठे जातोस? माणसांत जाऊन तुला तरतरी येते, की माणसांतून उठून आलास की? ज्याला उठून आल्यावर येते तो आतला. ज्याला माणसांत गेल्यावर येते तो बाहेरचा. तोंड किती वाजतं याच्याशी काही संबंध नाही."

"आणि लाजणं?"

"लाजणं म्हणजे भीती. आपलं काही चुकेल, लोक हसतील, याची. ती आतल्यालाही असते नि बाहेरच्यालाही. तुला भीतीही आहे नि माणसंही लागतात. तू भित्रा बहिर्मुख आहेस. तुझे हाल कुत्रा खाणार नाही."

मी ते हसण्यावारी नेलं. पण तू पुरावे गोळा करायला लागलीस, वकिलाने करावेत तसे. म्हणालीस, "एक्स्चेंजमध्ये माणसं होती तोवर तू शीळ घालत घरी यायचास. मोबाइल आले, माणसं कमी झाली, मोठ्या खोलीत यंत्रं नि तू, एवढेच उरलात. खऱ्या आतल्या माणसाला तो स्वर्ग वाटला असता. तू वाळलास." हे खरं होतं. त्या दिवसांत मला काय होतंय ते डॉक्टरला कळत नव्हतं, रक्त तपासून झालं, थुंकी तपासून झाली. तू म्हणालीस, याला काही झालेलं नाही, याच्याभोवती कोणी बसत नाही एवढंच. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या मुलींना आपल्या अंगणात बोलावून तू नाटक बसवलंस. रोज संध्याकाळी तो धिंगाणा. मी पायरीवर बसून बघायचो. पाऊस सुरू होईतो माझं अंग भरलं होतं.

तरी मी मान्य केलं नाही. तुझ्या शास्त्रावर बोट ठेवायची एकही संधी सोडली नाही. "कागदावर तर मी आतला निघालो. मग चाचणी खोटी का तू खोटी?" इथे तू अडायचीस, आणि अडल्यावर तू जास्त प्रामाणिक बोलायचीस. 'प्रकार' हा शब्दच मुळात लंगडा आहे, असं तूच एकदा म्हणालीस. हे उंचीसारखं आहे. गावात उंच नि बुटके असे दोनच ढीग नसतात, बहुतेक माणसं मधल्या मापाची, कधी आत कधी बाहेर. खोके आपण करतो, सोयीसाठी, आणि मग त्यात माणूस कोंबून वर झाकण लावतो. "म्हणजे हे सगळं फोल," मी म्हटलं. "फोल कसं? मधले पुष्कळ असले म्हणून टोकाचे नसतात का? टोकाचे चारदोन असतात. त्यातले दोन या घरात आहेत."

तुझा हुकमी पुरावा म्हणजे मिरकरवाड्याचं मासळी बंदर. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासळी शिजलेली नाही, आणि मी निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी बंदरावर लिलाव ऐकायला जातो. घेत काही नाही, विचारत काही नाही. बर्फाच्या गाड्या, टोपल्या, बायकांचा गलका, बोली चढत जाते आणि एकदम तुटते, की पुढचा ढीग. त्या गर्दीत खांद्याला खांदे घासतात. मी एका खांबाला टेकून उभा राहतो आणि घरी येतो तो ताजा होऊन येतो. तू दारातच अडवायचीस. "मासळी न खाणारा माणूस लिलावाला कशाला जातो, सांग."

"समुद्राची हवा चांगली असते."

"हवा भाट्याच्या किनाऱ्यावर पण आहे. तिथे सकाळचं कुत्रं नसतं. तिकडे का नाही जात? आधी आंघोळीला पळ, वास मारतोयस."

तू गेल्यावर बंदरावरून हनीफभाई भेटायला आले होते. लिलाव पुकारणाऱ्या त्या माणसाचं नाव हनीफभाई आहे हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी नुसता आवाज ओळखत होतो. ते म्हणाले, "ताई एकदा आल्या होत्या बंदरावर, तुम्हाला सांगितलं असेल." मी मान हलवली, नाही. "नाकाला पदर लावून त्या गोदामाच्या कडेला उभ्या होत्या. तुम्ही खांबाशी होतात, तुमची पाठ होती. मला म्हणाल्या, तो माझा भाऊ. तो काही घेणार नाही नि काही बोलणार नाही, पण त्याला कोणी बाजूला करू नका, उभा राहू द्या." हनीफभाईंनी खांद्यावरचा रुमाल दुसऱ्या खांद्यावर घेतला. "आम्ही कधी केलं नाही बाजूला."

माशाचा वास नुसता वाऱ्यावर आला तरी खिडक्या लावणारी तू. तू त्या चिखलातून, माशांच्या पाण्यातून चप्पल सांभाळत चालत गेलीस आणि मला कळू दिलं नाहीस. ते डोळ्यांपुढे आलं तेव्हा छातीत काहीतरी हललं. क्षणभरच. मग पुन्हा गाल बधिर.

तुझी बाजू मात्र मला अनुभवाने ठाऊक होती, मी फक्त ती कबूल करत नव्हतो. लोकांना बोलकी ताई दिसायची. मला दार लावलेली ताई दिसायची. शाळेतून आलीस की पिशवी टाकून खोलीत जायचीस नि दार लावायचीस. दार लावलेलं असताना हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही, दूध उतू जावो नाहीतर पोस्टमन उभा राहो. हा आपल्या घरचा कायदा. कितीतरी वेळाने बाहेर यायचीस ती वेगळीच बाई, धुतल्यासारखी. लग्नाकार्यात तू अख्ख्या मांडवाला हसवायचीस, नवरीच्या सासूलासुद्धा उखाणा घ्यायला लावायचीस. परतताना रिक्षात मात्र एक शब्द नाही. मी तेव्हा फुललेला असायचो, इतक्या माणसांत राहून मला बोलावंसं वाटायचं, आणि बोलायला समोर तू, डोळे मिटून. रिक्षावाल्याला वाटत असेल, बाई नवऱ्याशी भांडून आल्यात. मी एकदा चिडून म्हटलं, जगाशी बोलतेस नि माझ्याशी नाही. तू डोळे न उघडता म्हणालीस, "बोलणं हे माझं काम आहे, बापू. वाढणाऱ्या बाईला भूक लागलेलीच असते असं नाही." आणि थोड्या वेळाने, "तुझ्यापुढे गप्प बसता येतं मला. दुसऱ्या कोणापुढे येत नाही." ते मी त्या वेळी नुसतं ऐकून घेतलं.

दवाखान्यात दार नव्हतं. मोठी खोली, मधे हिरवे पडदे, तेही कोणीतरी सारखे ओढणार नि सारणार. छातीत पाणी झाल्यामुळे तुला बसवून ठेवायचे. पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, "इथे दार कुठलं रे लावायला? मी डोळे मिटले की लावलं असं समज." मी म्हटलं, बरं. भेटायच्या वेळेला तुझ्या जुन्या विद्यार्थिनी यायच्या, शाळेतल्या बाया यायच्या. तू एकीला म्हणालीस, "लठ्ठ झालीस गो, कुठल्या चक्कीचं पीठ खातेस?" दुसरीच्या मुलाला पाढे विचारलेस. श्वास पुरत नव्हता तरी वर्ग घेणं सोडलं नाहीस. ती मंडळी गेली की डोळे मिटायचीस. मी स्टुलावर बसायचो. मग कधीतरी तू डोळे उघडायचीस आणि पाणी मागायचीस.

त्या दुपारी पण तसंच झालं. माणसं खूप आली होती. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तू थकत चालली होतीस, हसत मात्र होतीस. सगळे गेले. तू माझ्याकडे बघितलंस, म्हणालीस, "लावते रे दार," आणि डोळे मिटलेस. मी स्टुलावर बसलो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा नातू त्याला संत्रं सोलून देत होता, ते बघत बसलो. तुझा श्वास केव्हा थांबला ते मला ठाऊक नाही. मी हाक मारली नाही. नर्स आली, तिने तुझं मनगट धरलं, मग दुसऱ्या नर्सला बोलावलं, मग डॉक्टर धावत आले नि मला बाजूला केलं. नंतर ते म्हणाले, झोपेतच गेल्या, आधी कळलं असतं तरी फार काही करता आलं नसतं. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण जाता जाता त्यांनी विचारलं, "तुम्ही इथेच होतात ना? हाक नाही मारलीत?"

आता त्यांना काय सांगणार? दार लावलेलं होतं, असं सांगणार? ती गोष्ट जगात दोघांना कळण्यासारखी होती, आणि दोघांतलं एकच उरलं. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला धक्का बसलाय.

तुला एक वाक्य सांगायचं राहिलं, ताई. "तू म्हणतेस ते खरं." एवढंच. हरायला मला जड गेलं असतं असं नाही. पण मी हरलो असतो तर ते भांडण संपलं असतं. आणि त्या भांडणाशिवाय रोज संध्याकाळी माझ्याशी इतका वेळ कोण बोललं असतं? तू तरी काय, दिवसभर बोलून दमलेली असायचीस, तरी माझ्यासाठी म्हणून तेवढं भांडून घ्यायचीस. मला ते कळत होतं. तुला माझं कळत होतं की नाही, हे विचारायचंही राहिलं.

इथवर जेवणाआधी लिहून ठेवलं होतं. आता दुपारचं सांगतो.

जेवणं झाल्यावर मेघना माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "मामा, आमच्या कंपनीत सगळ्यांची ती टेस्ट घेतली ना, त्यात मी इंट्रोव्हर्ट आले. मी तुझ्यावरच गेलेय. त्यामुळे मला कळतं तुला काय होत असेल ते. मावशी बोलायची तेव्हा घर गाजायचं, आता तू तुझ्या पद्धतीने शांत राहा. तुला स्पेस हवी, मी सगळ्यांना सांगितलंय."

स्पेस. तुझ्याएवढी जागा घरात रिकामी झाली आहे, आणखी किती हवी? हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीने रजा टाकून इतके दिवस भांडी घासली, पाहुण्यांचं केलं, आणि आता जातेय ती माझ्या भल्यासाठीच जातेय. रागावून निघालेल्या माणसाला थांबवता येतं. मायेने निघालेल्याला काय म्हणून थांबवायचं? मी म्हटलं, "हं." ती बॅग भरायला गेली. मी ओटीवर येऊन बसलो, आणि मला जाणवलं की मी घाबरलोय. या साऱ्या दिवसांत काही वाटलं नव्हतं, ते वाटलं हे. रात्रीचं, उद्याचं, परवाचं. फाटकाला अडकवलेल्या डब्याचं.

तेवढ्यात एक बाई आली. केळशीला दिलेली तुझी जुनी विद्यार्थिनी. तिला उशिरा कळलं म्हणून एसटीने आली होती. नाव सांगितलं, मी पाणी दिलं. ती समोरच्या खुर्चीवर बसली. मी बोललो नाही, तीही फार बोलली नाही, "बाईंनी मला सायकल शिकवली" एवढं म्हणाली. सुलभावहिनी येऊन दाराशी टेकल्या. पंखा फिरत होता. मग ती उठली.

तुला ठाऊक आहे, अशा भेटीला आलेला माणूस निघताना "येतो" म्हणत नाही, आणि घरातलंही कोणी "या" म्हणत नाही. पुन्हा अशा कारणाने यावं लागू नये, म्हणून मुकाट उठायचं नि चालू लागायचं. इतके दिवस माणसं अशीच उठून गेली. मुंबईची गेली, शाळेतली गेली, हनीफभाई गेले, कोणी मागे वळून बघितलं नाही. रीतच ती. ही बाईदेखील तशीच उठली, पदर सारखा केला नि पायरीवर चपला घालू लागली. तिच्यानंतर कोणी येणार नव्हतं. मेघनाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "परत या हं."

मोठ्यांदा निघालं ते. बाई एक पाय चपलेत नि एक बाहेर, तशीच उभी राहिली. सुलभावहिनींनी जीभ चावली. "अहो बापू, असं म्हणू नये!"

"म्हणतो," मी म्हटलं. "परत या. उद्या या. वहिनी, तुम्ही पण या, डबा आत आणून द्या नि बसा. कोणालाही घेऊन या."

मेघना आतून धावत आली, हातात अर्धी घडी घातलेला ड्रेस. "मामा, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"मला एकट्याने राहवणार नाही गो."

"पण मामा, तू तर इंट्रोव्हर्ट..."

"नाही. मला माणसं लागतात. मी बोलणार नाही, पण लागतात. ताई सांगायची तेच खरं होतं. ती आतली नि मी बाहेरचा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी हरलो होतो, तेही चारचौघांत. तुझं तोंड आता कसं दिसतंय ते बघायला मी मागे वळलो. तू जिंकलीस की कशी दिसतेस ते मला बघायचं होतं. मागे भिंत होती, ताई. नुसती भिंत.

तेव्हा कळलं तू गेलीस ते. मी जिथे होतो तिथेच पायरीवर बसलो नि रडायला लागलो. आवाज करून रडलो, लहान पोर रडतं तसा. मेघना शेजारी बसली, माझी पाठ धरून. वहिनी काहीतरी म्हणत होत्या. केळशीच्या बाईने चपला काढल्या, ती माघारी आली नि खाली माझ्याजवळ बसली, तिची एसटी चुकणार हे तिला ठाऊक असताना. मेघनाने गाडीचं तिकीट रद्द केलं की नाही ते मी अजून विचारलेलं नाही. आत्ता हे लिहितोय तर स्वयंपाकघरात तिघींचा आवाज येतोय.

एकटा असताना मला रडू आलंच नसतं. माणसं होती, म्हणून तुझ्यासाठी रडता आलं, ताई.